खोटा ठरलेला हंडा

त्या सालीही प्रमिला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, आली नाही. लागोपाठ तिसरी आखाजी कोरडी गेली.

वापीजवळच्या नरोलीच्या चाळीत आम्ही बावीस खोल्या खानदेशचे. कुणाची पोर साक्रीहून आली होती, कुणाची तळोद्याहून. सांजोऱ्या तळल्याचा वास एकवीस खोल्यांतून येत होता. प्रमिलाच्या आईच्या, सरुबाईच्या खोलीचं दार तेवढं लोटलेलं. तिनं घागर भरली, पितरांना घास टाकला आणि सरळ भंगारवाड्यावर येऊन तार सोलायला बसली. सणाच्या दिवशी, शेठनं सुटी दिलेली असताना.

"वैनी, आज तरी हात थांबवा," मी म्हटलं.

"हात थांबला का डोकं चालतं, आबा," ती म्हणाली आणि केबलीवर ब्लेड ओढलं.

मी फुलचंद शेठच्या वाड्यावर काट्यावर होतो. बारकूआबा म्हणतात मला. लोक सांगतात, हा माणूस पावशेराचं किलो करून सांगतो. बोलण्यात करतो, खोटं कशाला सांगू. काट्यावर कधी केलं नाही. तेव्हा पुढचं ऐकताना थोडं इकडंतिकडं धरा, बाकी वजन बरोबर आहे.

वाड्यावर माल यायचा तो वापी, सुरत, मुंबईहून. जळलेल्या मोटरी, केबलीचे तुकडे, मोडकी भांडी. बघणाऱ्याला सगळं तांबं एकच. धंद्यात तसं नसतं. केबलीचं रबर हातानं सोललं तर आतून गुलाबी तार निघते, न्हाऊन आलेल्या लेकराच्या तळपायासारखी. ती पहिल्या नंबरची. तीच केबल ढिगात टाकून पेटवली तर दिवसाचं काम तासात होतं, पण तार काळी पडते, बारीक असली तर चिमटीत मोडते. ती दुसऱ्या नंबरची. कलई चढलेली तार त्याच्याही खाली. भांड्यांची तऱ्हा निराळी. त्यांच्या बुडाचा सांधा पितळेनं झाळलेला असतो, म्हणून आधी छिन्नीनं सांधा कापून बाजूला टाकायचा, मग उरलेलं तांबं धरायचं. सांधा आत राहिला तर सगळ्या मालाचा भाव पडतो.

शेठचा एक रिवाज होता. जाळायची केबल कुणी आपल्या वेळात हातानं सोलून दिली, तर वाढलेल्या भावातला वाटा सोलणाऱ्याचा. तोही मालानं. मूठ-दोन मुठी तार त्याच्या नावाच्या डब्यात पडायची. बाकीचे महिनाअखेर डबा शेठलाच विकून मोकळे होत. सरुबाईचा डबा आल्यापासून रिकामा झाला नव्हता. तिच्या डाव्या अंगठ्यावर ब्लेडच्या इतक्या रेघा होत्या की निवडणुकीत अंगठा उठवायला गेली तेव्हा तिथला मास्तर म्हणाला, बाई, हा अंगठा आहे का नकाशा?

तिला त्या डब्यातून हंडा करायचा होता.

झालं होतं असं. प्रमिलाचं लग्न शहाऐंशी सालचं. चिंधानं, म्हणजे सरुबाईच्या नवऱ्यानं, दोन हंगाम ऊसतोड करून सटाण्याच्या पेठेतून तांब्याचा हंडा घेतला आणि लेकीला दिला. पहिल्या आखाजीला पोरगी आली, झोक्यावर गाणी म्हणून घसा बसवून गेली. त्याच दिवाळीला तिच्या सासरच्या गल्लीत मोडीवाला आला, जुनी भांडी घेऊन नवी देणारा. त्यानं हंड्याला कानस मारली आणि चार बायांसमोर म्हणाला, "बाई, हे तांबं कुठलं? आतून पिवळं निघालं, बघा. भेसळ आहे. स्टीलची दोन पातेली देतो, टाका इकडं."

प्रमिलाची सासू आक्काबाई. तिनं हंडा काही दिला नाही, पण निरोप धाडला. जावई सुकदेव सायकलवर चिंधाच्या गावी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, पाणीही घेतलं नाही. जमिनीकडं बघत म्हणाला, "मामा, आई म्हणते, खोटा हंडा देऊन आमची शोभा केली. खरा आणा, मग लेक माहेरी न्या."

चिंधा त्याच पावली सटाण्याला गेला. दुकानदाराला भर बाजारात चोर म्हणाला, पायातली वहाण काढून दाखवली आणि परत आला. मग त्याला गावात तोंड दाखववेना. नवरा-बायको नरोलीला आले, माझ्या शेजारच्या खोलीत राहिले आणि दोघंही वाड्यावर कामाला लागले.

"तू तो हंडा पुन्हा पाहिला का रे?" मी एकदा विचारलं होतं.

"कोणत्या तोंडानं जाऊ, आबा? अन् तवय माले काय कळत होतं तांब्याचं!"

पुढं मात्र त्याला असं कळायला लागलं की शेठसुद्धा मालाचा ट्रक त्याला दाखवल्याशिवाय उतरवत नसे. बोटाच्या पेरानं वाजवायचा, कानशीनं खरवडायचा, चिंच घासायचा, जिभेचं टोक लावायचा. एकदा ट्रान्सफॉर्मरची तार जिभेवर ठेवून म्हणाला, "हिच्यातून कोयनेची वीज गेली आहे." शेठनं चौकशी केली तर माल खरंच कऱ्हाडचा निघाला. तुम्ही हसाल. मी तेव्हा हसलो नव्हतो.

डबा भरत आला तसं वाड्यावर येणारं प्रत्येक भांडं दोघं उलटंपालटं करून बघू लागले. हंडे तीन आले. तिन्ही जाड, तिन्ही खरे. पण प्रत्येकावर टिपक्या-टिपक्यांनी कुणा ना कुणाचं नाव घातलेलं. चिंधा म्हणाला, "घासून काढतो."

"नको," सरुबाई म्हणाली. "कुण्या बाईनं जीव लावून नाव घातलं असंल. ते घासून आपल्या पोरीला द्यायचं? ती बाई रडंल न् भोग आपल्या पोरीला."

"अवं, ती बाई असंल कुठं आता?"

"नसंल तर जास्तच रडंल."

तिन्ही हंडे छिन्नीखाली गेले. चिंधानं स्वतः कापले. आठवडाभर नवरा-बायको एकमेकांशी मिठामिरचीपुरतं बोलत होते.

एक्याण्णवच्या होळीनंतर एका गोणीतून चौथा हंडा निघाला. काळा पडलेला, गळ्याशी चेमटलेला, पण ठोक्यांचं काम असं की हात फिरवला तर खवल्यांसारखं लागायचं. नाव कुठंच नव्हतं. चिंधानं वाजवला आणि बराच वेळ कान लावून उभा राहिला.

शेठ गादीवरून म्हणाला, "सरुबेन, ले जाओ. वजन के सामने वजन. तुम्हारा तार, मेरा हंडा."

सरुबाईनं पदर खोचला. "शेठ, माझी तार पहिल्या नंबरची. तुमचं भांडं तिसऱ्या. वजनाला वजन कसं व्हईल? आधी बुडाचा सांधा कापून वजन धरा."

"सांधा काटा तो पानी किसमें भरोगी, सरुबेन?"

"ते माझं मी बघंन. तुम्ही वजन सांगा."

सगळा वाडा हसला, शेठही हसला. सांधा काही कापला नाही, पण त्याचं वजन सोडून दिलं. हंडा साडेचार किलो भरला. डब्यात तार उरली ती मूठभर. सरुबाईनं ती मूठही मोजून पुन्हा डब्यात टाकली.

चार दिवस ती चिंच आणि राख घेऊन हंडा घासत होती. असा लखलखला की चाळीतल्या बायका येऊन त्यात कुंकू नीट करू लागल्या.

आखाजीला पाच दिवस उरले तेव्हा चिंधा निघाला. मध्यस्थ म्हणून मला घेतलं. सरुबाई आली नाही. "पुन्हा मान खाली घालायची वेळ आली," ती म्हणाली, "तर पोरीनं एकाचीच पाहावी." बस नाशिकला बदलली, सटाण्याला बदलली. सटाण्याची पेठ आली तेव्हा चिंधानं दुसरीकडं तोंड केलं. पिंपळनेरच्या अलीकडं उतरून पुढं दीड कोस पायी. सरत्या चैत्राचं ऊन. हंडा पोत्यात गुंडाळून चिंधाच्या खांद्यावर, आणि पोत्यातूनही असा तापलेला की खांदा बदलताना तो तोंडातल्या तोंडात शिव्या देत होता.

आक्काबाई अंगणात उडीद निवडत बसली होती. सुकी, ताठ बाई. तिनं आम्हाला खाट दाखवली, पाणी दिलं. प्रमिला दाराआड उभी राहिली. बापाकडं एकदा बघितलं आणि पदराचं टोक दातांत धरलं.

पोतं उघडलं. ऊन हंड्यावर पडलं आणि समोरच्या भिंतीवर लाल कवडसा नाचायला लागला. गल्लीतली माणसं एकेक करून कुडाशी आली.

आक्काबाईनं हात लावला नाही. "दिसायला तर मागचाही झकासच होता, याही," ती व्याह्याला म्हणाली.

"हा खरा शे, ईनबाई," चिंधानं विहिणीला सांगितलं.

"कशावरून? मागच्या बारीलाही तुम्ही असंच म्हणाले होते." ती आत वळून म्हणाली, "प्रमिला, तो मागचा आण. आता व्याह्यांना तांब्यातलं कळतं म्हणे. दोन्ही पारखू देत. इथं, सगळ्यांसमोर. उद्या कुणी म्हणायला नको की आक्काबाईनं खोटंच कुभांड रचलं."

चिंधा खाटेवरून उतरून खाली बसला. आधी नवा हंडा घेतला. काठाखाली कानस मारली, चिंच घासली, पेरानं वाजवला. "ऐका," म्हणाला. आवाज अंगणभर फिरला आणि कुडाशी असलेल्या म्हाताऱ्यानं मान डोलावली.

मग प्रमिला मागचा हंडा घेऊन आली. पाण्याच्या जागेवरून तसाच उचललेला, ओला. चार वर्षं तिनं त्यात पाणी भरलं होतं. घरातली इतर माणसं त्याला शिवत नव्हती, असं पुढं कळलं. तिनं तो बापासमोर ठेवला. हात पुसले नाहीत. हाताचं पाणी ठिबकत राहिलं.

चिंधानं हंडा पालथा केला. बुडाशी मोडीवाल्याच्या कानशीची जुनी खूण होती. नखाएवढी, पिवळी. मीही वाकून बघितलं. ती खूण बरोब्बर सांध्यावर होती. जिथं पितळेची झाळ असते तिथं.

चिंधाचं बोट त्या खुणेवरून दोन बोटं बाजूला सरकलं. त्यानं कानस हलकेच ओढली, कुणाला दिसेल न दिसेल इतकी. लाल. पेरानं वाजवला. साहेब, मी वाड्यावर हजारो भांडी ऐकली. तो आवाज असा आला की गल्लीच्या टोकाला बांधलेल्या बैलानं मान वर केली. नव्यापेक्षा चांगलं तांबं. पहिल्या नंबरचं भांडं.

मी चिंधाकडं बघितलं.

"बोला, याही," आक्काबाई म्हणाली.

चिंधानं लेकीकडं बघितलं. तिची गालफडं बसलेली. लग्नातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"खोटा शे," चिंधा म्हणाला.

"मोठ्यानं बोला, सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

"खोटा शे, ईनबाई. भेसळ शे. मी फसलो. तुम्ही बरोबर बोलत होत्या."

ज्या माणसाच्या शब्दावर ट्रक उतरायचे त्यानं हे वाक्य म्हटलं आणि कानस खिशात घातली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा गेली.

आक्काबाई भांडायच्या तयारीनं बसली होती. चार वर्षांचं तोंडात साठवलेलं होतं. समोरचा माणूस एका दमात सगळं कबूल करून बसल्यावर तिला ते कुठं ठेवावं कळेना. ती उठली, सुपातले उडीद सांडले. "चहा टाक गं," म्हणाली. मग लगेच, "नको, स्वयंपाकच कर. उन्हाचे आले आहेत." जेवताना चिंधाच्या ताटात तिनं स्वतः तुपाची वाटी रिकामी केली. संध्याकाळच्या आत प्रमिलाची पिशवी भरली, वर शेरभर उडीद बांधून दिले.

"अन् हा तुमचा खोटा तेवढा घेऊन जा," ती म्हणाली. "माझ्या दारात नको. भंगारात घाला."

तर आम्ही आलो तसेच निघालो, खांद्यावर हंडा घेऊन. गल्लीतून जाताना एक जण म्हणाला, "काय चिंधाभो, खोट्याचं ओझं जास्त व्हतं का?" चिंधा चालत राहिला.

सटाण्याला बस बदलायची होती. चिंधा स्टँडवर थांबला नाही. सरळ पेठेत, त्याच दुकानात. प्रमिला आणि मी मागोमाग. त्यानं हंडा गादीवर ठेवला.

"ओळखलं का?"

दुकानदारानं चष्मा वर केला. "नाही बुवा."

"चार सालांमागं तुम्हाला चोर म्हणालो व्हतो. वहाण दाखवली व्हती."

"अहो, लगीनसराईत रोज कुणी ना कुणी दाखवतं. तुमची कोणती?"

"हंडा खरा व्हता तुमचा," चिंधा म्हणाला. "मोडीवाल्यानं सांध्यावर कानस मारली अन् पिवळं दाखवलं. तवय माले समज नव्हती. आता आली." आणि त्यानं दुकानाच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला.

दुकानदार गादीवरून खाली उतरला. हंड्यावरून हात फिरवला. आतून एक तांब्याचं फुलपात्र आणून प्रमिलाच्या हातावर ठेवलं. म्हणाला, "वहाण दाखवून गेलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच परत आलं."

प्रमिला मात्र बापाकडं बघत होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "म्हंजी पहिल्यापासून खरा व्हता?"

"व्हता."

"मी चार सालं त्या घरात खोट्याची पोर म्हणून ऐकलं, बाबा." तिचा आवाज चढला. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. "मग अंगणात का नाही बोलले? सगळी गल्ली व्हती!"

"बोललो असतो," चिंधा म्हणाला, "तर आता तू कुठं असती?"

नाशिकपर्यंत ती हंडा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिली. नाशिकच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, "बाबा, भेळभत्ता घ्या. तिखट सांगा."

नरोलीला सरुबाई चाळीच्या तोंडाशी उभी होती. सकाळपासून किती बशी बघितल्या देव जाणे. लेकीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला तो मणका मणका चाचपत खाली गेला. "माय वं," एवढंच म्हणाली. मग तिचं लक्ष हंड्याकडं गेलं. सवयीनं पेरानं वाजवला. तीही तीन वर्षं वाड्यावरच होती. तिनं पुन्हा वाजवला.

"हा तर..."

"हो," चिंधा म्हणाला.

"अन् नवा?"

"तिकडं दिला."

सरुबाई उंबऱ्यावर बसली. आपला अंगठा बघितला. वरच्या रेघा एकेक बघितल्या. मी म्हटलं, आता ही रडते का भांडते.

"एक पोर आली न् एक हंडा आला," ती म्हणाली. "साडेचार किलोत सौदा बरा झाला. चल गं, तुझं डोकं धुते, तेल नाही का लावत तिकडं कुणी?"

आखाजीला झोका हवा. चाळीमागचा आंबा त्याच साली गोदामासाठी तोडला होता. सरुबाईनं शेठकडून वाड्यावरच्या लोखंडी तुळईची परवानगी काढली. दोर म्हणून मनगटाएवढी जाड केबल घेतली, न सोललेली, काळीभोर. शेठ म्हणाला, "सरुबेन, ये झूला नहीं, माल है." पण हो म्हणाला. असा झोका खानदेशात कुणाच्या पोरीला मिळाला नसेल. प्रमिला उभी राहून झोके घ्यायला लागली. ती वर गेली की तिला दमणगंगेचं पाणी दिसायचं; आणखी वर गेली तेव्हा म्हणाली, सासरचं गाव दिसलं. सरुबाई खालून ओरडली, "मग खाली ये, इतकं वर नको."

पंधरा दिवस ती राहिली. त्यात दहा दिवस तर झोपलीच असेल. आई तिला उठवत नव्हती. तार सोलायला दारातच बसायची आणि मधूनमधून आत बघायची.

सोळाव्या दिवशी सुकदेव न्यायला आला. या वेळी आत येऊन बसला, पाणी प्यायला, आणि हसू दाबत म्हणाला, "मामा, तिकडं गंमत झाली. तो मोडीवाला पुन्हा आला व्हता."

चिंधाच्या हातातली बशी थांबली.

"नव्या हंड्याला कानस मारली अन् म्हणाला, हाही खोटा. आईनं त्याला झाडू घेऊन वेशीपर्यंत हाकलला. म्हणाली, माझा व्याही स्वतःच्या हंड्याला चारचौघांत खोटा म्हणणारा माणूस शे. तो ज्याला खरा म्हणंल त्याला तू कोण रे खोटा म्हणणारा! आता गल्लीत कुणाचंही भांडं असलं तरी आई म्हणते, आमच्या व्याह्यांना दाखवा." तो प्रमिलाकडं बघून म्हणाला, "अन् दर आखाजीला हिला इकडं सोडायला सांगितलं शे. म्हणते, असा माणूस हाये, त्याच्या घरी पोर गेलीच पाहिजे."

सरुबाईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती. हसता हसता पदर डोळ्यांवर गेला आणि तिथंच राहिला. चिंधा म्हणाला, "जावईबापू, चहा घ्या, निवतोय."

दुपारच्या बशीनं ती दोघं गेली. प्रमिलानं हंडा आईकडंच ठेवला, फुलपात्र तेवढं नेलं. बस वळली तरी सरुबाई हात वर धरून उभी होती. मी खाली करायला सांगितलं तेव्हा केला.

खोलीवर न जाता ती वाड्यावर आली. झोका तुळईला तसाच लोंबत होता. ती त्यावर बसली. पाय जमिनीवरच, झोका न घेता.

शेठ गादीवरून बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "सरुबेन, वो केबल का गिऱ्हाईक आया है. कल छिल देना."

"परवा, शेठ."

परवा गेला, आठवडा गेला. शेठनं आणखी दोनदा सांगितलं, मग सांगायचं सोडलं. शेवटी सरुबाईनं आपण होऊन झोका सोडला, केबल सोलली; त्या केबलीतलं तांबं पहिल्या नंबरचं निघालं, मी स्वतः तोललं. पण तोललं तेव्हा वाड्याच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि पुढल्या आखाजीला अजून नऊ महिने होते.